आईपासून न तोडता मुलीला सुरक्षित कसे ठेवता येईल? (नवी मुंबई)

प्रश्न – संध्याकाळची_अभ्यासिका, कोपरखैरणे

(एका वाचकाच्या सूचनेवरून शाळेचा, इयत्तेचा आणि गल्लीचा उल्लेख मूळ मजकुरातून काढून टाकला आहे.)

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका शाळेत गेली १४ वर्षे मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा सुटल्यावर आम्ही तीन शिक्षिका मिळून आठवड्यातून चार दिवस एक लहानशी अभ्यासिका चालवतो. तिथे येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या आया देहविक्रीच्या व्यवसायात आहेत. हे आम्हांला ठाऊक असते, पण आम्ही ते कधी बोलून दाखवत नाही.

त्यांतली एक मुलगी साधारण १२-१३ वर्षांची आहे. वाचनाची तिला मनापासून आवड आहे आणि तिचे अक्षर इतके नेटके आहे की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घेते. रात्री आठ वाजता आम्ही कुलूप लावतो तेव्हा ती सर्वांत शेवटी निघते. चपलांचे बंद पुन्हा पुन्हा सोडते आणि बांधते. त्यामागचे कारण मला गेल्या आठवड्यात कळले. तिची आई अभ्यासिकेच्या दारात येऊन उभी राहिली. बसा म्हटले तरी ती बसली नाही. ती म्हणाली, "बाई, हिला तुमच्या घरी ठेवून घ्या. महिन्याचे पैसे मी देईन. फक्त रात्रीची ही माझ्या खोलीत नको." खोली एकच आहे आणि मध्ये पडदा आहे. संध्याकाळनंतर मुलगी जिन्यावर किंवा शेजारणीकडे बसते. ज्या बाईच्या जागेत त्या राहतात, ती घरवाली आता येता-जाता "पोरगी मोठी झाली" असे म्हणू लागली आहे. त्यात महिन्याभरापूर्वी कुणीतरी मुलीला मोबाइल भेट दिला. तो कुणी दिला हे ती सांगत नाही.

त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही. माझ्या घरात जागा आहे आणि यजमानांची हरकत नाही. पण असे एखाद्या मुलीला ठेवून घेणे योग्य आहे का, हे मला समजत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करावा, तर मुलीला आईपासून हिसकावून नेतील आणि आईवर गुन्हा दाखल होईल, अशी धास्ती वाटते. आईलाही तीच भीती आहे. एका वसतिगृहात मी चौकशी केली, तेव्हा तिथल्या कार्यालयात पहिला प्रश्न वडिलांच्या नावाचा आणि दुसरा आईच्या कामाचा विचारला गेला, आणि त्यानंतर जागा शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले. शाळेत मुख्याध्यापकांना सांगावे की नाही, हेही कळत नाही, कारण एकदा सांगितलेली गोष्ट शिक्षककक्षात राहत नाही.

ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – रात्रपाळी

ताई, माझी विनंती मान्य करून आपण तपशील काढलेत, याबद्दल आभार. अशा मुलीची ओळख पटेल असे काहीही जाहीर न करणे हे कायद्याने बंधनकारक आहेच, पण गल्लीतील माणसेही मोबाइल वाचतात, हे त्याहून जवळचे कारण आहे.

मी ११ वर्षे मुंबईत आणि नंतर नवी मुंबईत अशा मुलांच्या रात्रीच्या निवाऱ्यात काम केले आहे. आपल्या पत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आई स्वतः आपल्या दारात आली. बाहेरच्या लोकांना वाटते की मुलीला आईच्या हातून सोडवायचे आहे. माझा अनुभव असा की बहुतेक आया मुलीला त्या व्यवसायापासून दूर ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करत असतात. त्यांच्याकडे संध्याकाळी सात ते पहाटे चार या वेळात मुलीला ठेवायला जागा नसते, एवढाच प्रश्न असतो. हा प्रश्न रात्रीचा आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच या क्षेत्रात काही उभे केले. 'प्रेरणा' ही संस्था १९८६ साली कामाठीपुऱ्यात सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिने तिथे रात्रीचे बालसंगोपन केंद्र उघडले. मूल संध्याकाळी येते, जेवते, अभ्यास करते, सुरक्षित झोपते, सकाळी तिथूनच शाळेत जाते आणि दिवसा आईला भेटते. आईचे मूल आईचेच राहते. या संस्थेचे काम तुर्भ्यातही आहे. कोपरखैरण्याहून ते अंतर फार नाही, म्हणून आपण सर्वप्रथम तिथे प्रत्यक्ष जाऊन बोलावे.

मुलीला आपल्या घरी ठेवून घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. कायद्याची बाजू इतर कुणी सांगतील. मी व्यवहाराची सांगतो. आईवर घरवालीचे किंवा सावकाराचे कर्ज असण्याची शक्यता मोठी आहे आणि कर्ज देणाऱ्याच्या मनात मुलगी हे तारण असते. मुलगी आपल्या घरी आहे हे कळले की ती माणसे आपल्या दारात येतील आणि त्या वेळी आपल्या पाठीशी कोणताही आदेश नसेल. शिवाय उद्या आपल्या घरी आजारपण आले किंवा बदली झाली, तर त्या मुलीच्या वाट्याला दुसऱ्यांदा घर सुटणे येईल.

आता मोबाइलबद्दल आणि "पोरगी मोठी झाली" या वाक्याबद्दल. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून थांबण्यासारखी परिस्थिती नाही. अशा वस्तीत मुलीला ओढून नेले जाते असे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात बहुधा ते इतके हळूहळू घडते की शेजाऱ्यांनाही ते वाढदिवसाच्या भेटीसारखे वाटते. आधी नवा ड्रेस येतो, मग मोबाइल. मग गिऱ्हाइकाला पाणी नेऊन दे, चहा आणून दे अशी लहान कामे सांगितली जातात. मग आई आजारी पडते, औषधासाठी पैसे उसने घेतले जातात आणि मुलगी सोमवारी शाळेत येत नाही. कधी हे सगळे करणारा एखादा २०-२२ वर्षांचा मुलगा असतो; तो लग्नाचे बोलतो आणि मुलीला तो पहिला माणूस वाटतो ज्याने तिला या जागेतून बाहेर नेण्याचे वचन दिले. म्हणून हजेरीपट आपल्या हातात असणे फार महत्त्वाचे आहे. सलग दोन दिवसांची गैरहजेरी दिसली तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मोबाइलवरून तिची उलटतपासणी मात्र करू नका. तो हिसकावून घेतला तर ती मोबाइल लपवील आणि आपल्यापासून दूर जाईल.

आयांनी स्वतः शोधलेले दोन मार्गही आपल्याला ठाऊक असावेत, कारण ही आई उद्या त्यांपैकी एखादा निवडू शकते. एक म्हणजे मुलीला गावी आजीकडे पाठवणे. आजी खंबीर असेल तर हे चांगले ठरते. पण अनेकदा गावात आईच्या कामाचा सुगावा लागतो, शाळा सुटते आणि पैसे येणे थांबले की मुलगी परत येते, ती नेमकी १४-१५ व्या वर्षी. दुसरा मार्ग म्हणजे लवकर लग्न. "लग्न झाले म्हणजे सुटली" असे मला किती आयांनी सांगितले असेल! त्यांच्यापैकी काहींच्या मुली दोन वर्षांत कडेवर मूल घेऊन त्याच जिन्यावर परतलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या आयांना रागावून उपयोग नसतो. दुसरा रस्ता खरोखर उघडा आहे, हे त्यांना दिसावे लागते.

आणखी एक गोष्ट. कामाठीपुऱ्यात जागांचे भाव वाढत गेले तशा अनेक स्त्रिया तिथून बाहेर पडल्या. आता हा व्यवसाय एका गल्लीत मावत नाही. तो भाड्याच्या खोल्यांत, चाळींत, लॉजमध्ये विखुरला आहे. गल्लीत निदान एखादी संस्था, एखादी आरोग्यसेविका पोहोचते. चाळीतल्या भाड्याच्या खोलीत वाढणारी मुलगी कुणाच्याच यादीत नसते. त्यामुळे आपल्यासारख्या अभ्यासिकेत अशी मुले येतात, ही साधी गोष्ट नाही.

उत्तर २ – कळव्याचा_वकील

मी ठाणे जिल्ह्यात वकिली करतो आणि बालकांच्या प्रकरणांत काम केले आहे. बाईंच्या भीतीचे निरसन आधी करतो.

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार शोषणाचा किंवा अनैतिक व्यापारात ओढले जाण्याचा धोका असलेले मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. अशा मुलांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आहे. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. समितीपुढे मुलाला पोलिसांनीच न्यावे लागते असा समज सर्वत्र आहे, तो चुकीचा आहे. कलम ३१ प्रमाणे समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका, कोणताही जागरूक नागरिक मुलाला हजर करू शकतो. इतकेच नव्हे, मूल स्वतःही समितीपुढे जाऊ शकते. आई मुलीचा हात धरून गेली, तर ती आरोपी म्हणून जात नाही. आपल्या मुलीसाठी मदत मागणारी पालक म्हणून जाते. समितीपुढे फक्त बालगृहाचाच पर्याय असतो असेही नाही. चौकशीनंतर ती मुलीला देखरेखीसह आईकडेच ठेवू शकते, प्रायोजकत्वाचे साहाय्य (मुलाच्या संगोपनासाठी दरमहा पैसे) मंजूर करू शकते, संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे देऊ शकते किंवा योग्य संस्थेत ठेवू शकते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व या कायद्यातच लिहिलेले आहे आणि मुलीचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे हेही.

आपल्या घरी ठेवण्याबद्दल रात्रपाळी यांनी लिहिलेले बरोबर आहे. परक्या कुटुंबाने मूल सांभाळण्यासाठी कलम ४४ मध्ये प्रतिपालनाची रीतसर पद्धत आहे आणि ती समितीमार्फतच जाते. केवळ आईच्या तोंडी संमतीवर मुलगी ठेवून घेतली आणि उद्या कुणी तक्रार केली, तर आपला हेतू सिद्ध करत बसण्याची वेळ आपल्यावर येईल. वसतिगृह शोधताना ते कलम ४१ खाली नोंदणीकृत आहे का, हे विचारल्याशिवाय मुलीला कुठेही सोडू नका. चांगल्या मनाने चालवलेल्या पण नोंदणी नसलेल्या जागा पुष्कळ आहेत आणि तिथे काय चालते ते पाहायला कुणी अधिकारी जात नाही.

जिल्ह्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. वाशी, तुर्भे, कोपरखैरणे हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. लोक नवी मुंबई एकच समजून अर्ज चुकीच्या जिल्ह्यात देतात आणि त्यात महिना जातो.

पोलिसांच्या छाप्याची भीतीही निराधार नाही, म्हणून तिच्याविषयी लिहितो. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ या कायद्यात कुंटणखान्यात एखाद्या व्यक्तीबरोबर बालक आढळले, तर त्या व्यक्तीने बालकाला तिथे डांबून ठेवले असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद आहे. त्यामुळे पूर्वी छाप्यात सख्ख्या आयांनाही त्रास झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशात, स्वतः नेमलेल्या समितीच्या शिफारशींच्या आधारे, आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने तिच्या मुलाला तिच्यापासून वेगळे करू नये आणि मूल तिच्याबरोबर आढळले म्हणजे ते पळवून आणलेले आहे असे गृहीत धरू नये, असे म्हटले आहे. तरीही रात्री दोन वाजता दारात उभ्या असलेल्या पोलिसाला निकालपत्र दाखवता येत नाही. कागद दाखवता येतो. म्हणून मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळेचा बोनाफाइड दाखला आणि आईबरोबरचा फोटो यांची एक प्रत आईने खोलीत आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी. जन्मदाखला नसेल तर आजच त्या कामाला लागावे.

वडिलांच्या नावावरून अडवणूक होते, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही अडवणूक मी फार पाहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ च्या निकालात अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता एकटीने पालक होता येते हे मान्य केले आणि अशा आईने जन्मदाखल्यासाठी अर्ज केल्यास तिच्या प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा, असेही सांगितले. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आईकडे आधार नसेल, तर २०२२ च्याच आदेशानुसार राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकते आणि त्यावर तिच्या व्यवसायाची कोणतीही खूण असू नये असे स्पष्ट बजावलेले आहे. 'आईचे काम काय' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रवेश देणाऱ्या कारकुनाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. १९९७ च्या गौरव जैन प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना कोणताही कलंक न चिकटवता समाजाच्या मुख्य प्रवाहात वाढण्याचा हक्क आहे, असे सांगितले होते. त्या आधी, १९८९ साली, याच प्रकरणात अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा आणि स्वतंत्र वसतिगृहे काढण्याची मागणी न्यायालयाने नाकारली होती, कारण वेगळे काढण्यानेच शिक्का बसतो. वसतिगृहाच्या खिडकीत आपण हे सगळे सांगू शकणार नाही, हे मी जाणतो. लेखी नकार मागा. लेखी नकार मागितला की जागा शिल्लक निघते, असा माझा अनेकदा अनुभव आहे.

पैशांचा भाग. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपये मिळतात. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अथवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा लागतो. ही मुलगी कोणत्या योजनेत बसेल ते तिथेच कळेल. ज्या घरात दोन-तीन हजारांच्या उसनवारीवर मुलीचे भवितव्य टांगलेले असते, तिथे ही रक्कम लहान समजू नये.

शेवटी मोबाइलबद्दल. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि अत्याचार झाल्याचे माहीत असूनही न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तिने काही सांगितले तर एकदाच शांतपणे ऐकून घ्या, तिच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि खोदून खोदून विचारू नका. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि कोणत्याही कारणाने तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. आईला हे सांगून ठेवा. घरवालीने किंवा अन्य कुणी मुलीचा सौदा करण्याचा प्रयत्न केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९८, ९९ आणि १४३ खाली तो गंभीर गुन्हा आहे. मुलांच्या व्यापारासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे.

उत्तर ३ – आता_परिचारिका

मी इथे फारसे लिहीत नाही. बाईंचे पत्र वाचून लिहावेसे वाटले.

माझी आई ठाणे जिल्ह्यातल्याच अशा एका वस्तीत होती. आज मी एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि आई माझ्याजवळ राहते. कोणती वस्ती, कोणते रुग्णालय हे मी सांगणार नाही.

रात्रपाळी यांनी आणि वकीलसाहेबांनी जे लिहिले त्याहून वेगळे मला एवढेच सांगायचे आहे की मुलीला हे सगळे कसे दिसते. मला गल्लीची भीती वाटत नव्हती. ते माझे घर होते. तिथल्या मावश्यांनी मला खाऊ दिला, ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. मला भीती शाळेची वाटायची. चौथीत एकदा बाईंनी वर्गासमोर अर्ज भरून घेतले आणि वडिलांच्या नावाशी येऊन थांबल्या. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. त्या दिवसापासून अर्ज आला की मी पोटात दुखते म्हणून घरी राहायचे. तुम्ही अभ्यासिकेत काही भरून घेत असाल तर एकेकाला बाजूला बोलावून घ्या, आणि सगळ्यांनाच तसे बोलवा.

वसतिगृहाने माझे आयुष्य वाचवले, हे मी मान्य करते. पण पहिले सहा महिने मला वाटत होते की मी काहीतरी वाईट केले म्हणून आईने मला टाकले. कुणी मला समजावून सांगितले नव्हते. आईला महिन्यातून एकदा भेट होती आणि ती यायची तेव्हा पहारेकरी तिच्याकडे ज्या नजरेने पाहायचा, ते पाहून मीच तिला येऊ नको म्हणाले. मी ११ वर्षांची होते. आजही ते वाक्य मला परत घेता आलेले नाही. म्हणून मुलीला कुठेही पाठवण्याआधी आईने तिला स्वतःच्या तोंडाने, तुमच्यासमोर, का पाठवत आहे ते सांगू द्या. आणि आई भेटायला येईल तेव्हा तिला खुर्ची द्यायला सांगा.

माझ्यासाठी सगळ्यांत कठीण वेळ दहावीनंतरच्या सुट्टीची होती. वसतिगृह मे महिन्यात बंद असायचे. आईला तेव्हा क्षयरोग झाला होता आणि तिच्यावर कर्ज होते. एक बाई रोज यायची, माझ्या शेजारी बसायची, माझे केस विंचरायची आणि म्हणायची, "आईसाठी थोडे दिवस." मला कुणी मारले नाही, कोंडले नाही. मला आईचा खोकला ऐकू येत होता, बस्स. मी वाचले ते आमच्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेमुळे. तिने आईचे औषध सरकारी दवाखान्यातून मोफत सुरू करून दिले आणि मला एका शिक्षिकेच्या बहिणीकडे शिवणवर्गाला रोज सकाळी नऊ ते सहा बसवले. बाई, त्या मुलीच्या सुट्ट्यांचे तारीखवार नियोजन करा. वर्षभर सगळे सांभाळतात. दिवाळीत आणि मे महिन्यात कुणी नसते.

आणि अठरा पूर्ण झाल्यावर काय, याचा विचार आजपासून करा. वसतिगृहातून मी निघाले तेव्हा माझ्या हातात एक पेटी आणि दहावी-बारावीची गुणपत्रके होती. राहायला जागा नव्हती, म्हणजे परत आईची खोलीच होती.

उत्तर ४ – कळव्याचा_वकील

ताई, आपल्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहितो. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी बालन्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या मदतीची, तरतूद आहे. २१ वर्षांपर्यंत साहाय्य मिळते, विशेष बाब म्हणून २३ पर्यंत. मात्र त्यासाठी मुलीची नोंद आधीपासून समितीकडे असावी लागते. बाईंनी आजच समितीचा मार्ग धरावा, याचे हे आणखी एक कारण. १९५६ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १८ वर्षांवरील व्यक्ती अशा कमाईवर जाणूनबुजून जगत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. आईच्या पैशांवर महाविद्यालयात शिकणारी मुलगीही या शब्दांच्या कक्षेत ओढली जाऊ शकते, हे मला फार अन्यायाचे वाटते. तिला स्वतःची शिष्यवृत्ती आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते असणे म्हणूनही आवश्यक आहे.

उत्तर ५ – घोडबंदर_रहिवासी

ही चर्चा वाचून मन हलले. आमच्या गृहसंकुलातील महिला मंडळाला अशा मुलींसाठी काही करण्याची इच्छा आहे. आम्ही दिवाळीत फराळ आणि कपडे घेऊन जाऊ शकतो, मुलांसोबत दिवस घालवू शकतो. कुठे संपर्क साधावा?

उत्तर ६ – रात्रपाळी

आपल्या भावनेचा आदर करून स्पष्ट लिहितो. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्यांसमोर मुले गाणी म्हणतात, फोटो निघतात आणि ते फोटो पुढे कुठे जातात ते कुणाला ठाऊक नसते. आमच्या निवाऱ्यातील एका मुलीला तिच्या वर्गमैत्रिणीने असाच एक फोटो दाखवला. त्यानंतर तिने शाळा बदलली. मंडळाला खरोखर काही करायचे असेल तर एका मुलीच्या बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या शुल्काची आणि खोलीभाड्याची जबाबदारी नोंदणीकृत संस्थेमार्फत घ्या, तिचे नाव न विचारता. किंवा आपल्यापैकी कुणी गणित चांगले शिकवत असेल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ, निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष द्या. या मुलींनी आयुष्यात येणारी आणि जाणारी माणसे पुष्कळ पाहिलेली असतात.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर – संध्याकाळची_अभ्यासिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

आईला घेऊन मी आधी रात्रीच्या केंद्रात गेले आणि तिथल्या कार्यकर्त्यांबरोबर आम्ही समितीपुढे गेलो. आई स्वतः बोलली. मी शेजारी बसले होते, पण मला एकदाही बोलावे लागले नाही. समितीच्या सदस्यांनी मुलीला एकटीला वेगळ्या खोलीत बसवून तिचे म्हणणे ऐकले. सध्या ती रात्री केंद्रात झोपते, सकाळी शाळेत जाते आणि दुपारी आईला भेटते. प्रायोजकत्वाचा अर्ज दिला आहे. आईवर २२,००० रुपयांचे कर्ज आहे हे बोलता बोलता कळले. त्याविषयी संस्थेचे लोक तिच्याशी बोलत आहेत आणि मोफत वकिलासाठी अर्जही केला आहे. जन्मदाखला नाही, त्याचे काम चालू आहे.

मोबाइल तिने आपणहून केंद्रातील ताईंच्या हातात दिला. त्यापुढचे मी इथे लिहिणार नाही. जे कळवायला हवे होते ते कळवले आहे.

मुख्याध्यापकांना मी फक्त एवढेच सांगितले आहे की या मुलीच्या गैरहजेरीची सूचना त्याच दिवशी मला मिळावी. त्यांनी कारण विचारले नाही. अभ्यासिकेत आता अर्ज एकेकाला बाजूला बोलावून भरतो. आता_परिचारिका ताई, हे तुमच्यामुळे झाले. मुलीने समितीपुढे एकच गोष्ट मागितली होती, असे मला नंतर समजले: आठ वाजेपर्यंतची अभ्यासिका बंद होऊ नये. तेव्हा केंद्रातून आता तिला आठला न्यायला माणूस येतो.

माझ्यासमोर आता मे महिना आहे. मी १५ दिवस गावी जाते, दुसऱ्या शिक्षिकेच्या घरी लग्न आहे, आणि तिसरीची बाळंतपणाची रजा सुरू होते. केंद्र रात्री उघडे असेल, पण दुपारी ११ ते ५ या वेळेचे काय करावे?

उत्तर ७ – आता_परिचारिका

माझी मे महिन्यात रात्रपाळी आहे. सकाळी आठला सुटते आणि झोपून एकला उठते. दोन ते पाच मी अभ्यासिका उघडू शकेन, रविवार धरून. पहिल्या आठवड्यात प्रथमोपचार शिकवीन. पट्टी बांधायला मुलांना फार आवडते. त्याच्या आधीचे तीन तास तुम्ही कुणाकडून तरी भरून घ्या. समाजमंदिरातील ग्रंथालय सकाळी उघडे असते का, ते पाहा.

किल्ली कुणाकडून घ्यायची ते खासगी निरोपात कळवा. आणि माझी ओळख करून देताना मी कुठली ते सांगू नका. परिचारिका आहे एवढेच सांगा. मला वाटले तर त्या मुलीला मी स्वतः सांगेन.